पाहुण्यांचा वाटा

उमसुनायला जाऊन वर्ष झालं, त्याचं जेवण काल पार पडलं. तीनशे माणूस जेवून गेलं. एक घोडी आणि चार मेंढरं संपली, भाड्याच्या कढया घासून परत गेल्या, आणि आज अंगणात उरली ती घरची माणसं आणि कुठूनशी आलेली दोन परकी कुत्री. कुत्री जायचं नाव घेत नव्हती. माणसांपैकी दोघांना उद्या सकाळी राजधानीला, बिश्केकला निघायचं होतं. त्यातली एक बुरुल, उमसुनायची थोरली मुलगी. तिथंच राहायचं की गाशा गुंडाळून परत यायचं, हे ठरवल्याशिवाय निघायचं नाही, असं तिने स्वतःला बजावलं होतं.

सकाळी कालीपा आत्याने तिला खिडकीपाशी बसवलं आणि तिच्या डोक्याचा दुखवट्याचा काळा रुमाल सोडला.

"वर्ष झालं. आता बास," आत्या म्हणाली आणि घडी मोडून पांढरा रुमाल बांधायला लागली.

या वेळी रडू येईल असं बुरुलला वाटलं होतं. आलं नाही. कान तेवढे गार पडले.

"किती पिकलीस गं. काळ्या रुमालाखाली कळत नव्हतं."

"एकोणचाळीस संपली, आत्या."

"तुझी आई पन्नाशीपर्यंत काळीभोर होती."

"तिला भाडं भरावं लागत नव्हतं."

आत्या हसली, आणि हसता हसता तिने गाठ जरा जास्तच आवळली. दिवसभराच्या बोलण्याला तोंड फुटलं ते तिथे.

तसं सगळ्यांना सगळं ठाऊकच होतं. बिश्केकच्या एका खाजगी कंपनीत बुरुल नद्या मोजायची: पाणी किती, वेग किती, गाळ किती. पगार चांगला, पण करार एका वर्षाचा. हातातलं धरणाचं काम संपलं की कंपनीला माणसं जड व्हायची. गेल्या हिवाळ्यात चौदा जणांना एकेका फोनवर घरी बसवलं होतं. बुरुल वाचली होती. का वाचली हे तिलाही कळलं नव्हतं. घरमालकिणीने दोन वर्षांत तिसऱ्यांदा भाडं वाढवलं होतं आणि नवा कागद सोमवारी करायचा होता. इकडे नारिनच्या सरकारी जलमापन कचेरीतली इंजिनिअरची जागा रिकामी झाली होती. पगार निम्म्याहून कमी. पण जागा कायमची, शेवटी पेन्शन, आणि कचेरीमागे दोन खोल्यांचं क्वार्टर. तिथल्या साहेबांनाही उत्तर सोमवारीच हवं होतं.

नारिनहून चोंकेचू हे बुरुलचं गाव चाळीस किलोमीटर. गावाखाली नदी. नदीच्या काठाला रोवलेली आकड्यांची पट्टी उमसुनायने एकतीस वर्षं सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला वाचली होती, आणि ती गेल्यापासून तिच्या धाकट्या मुलाची, एरमेकची, बायको चिनार ती वाचून आकडा नारिनच्या कचेरीला कळवत होती.

दुपारी सगळे चहाला बसले. भिंतीला टेकून बाबा, म्हणजे शेरगाझी. त्यांच्या उजव्या हाताला तुर्दुबेक काका, आत्याचे यजमान. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले होते, पण समोर चार माणसं बसली की त्यांना अजून वर्गच दिसायचा. समोर मेदेर, बुरुलचा पाठचा भाऊ, बिश्केकच्या बाजारात टेम्पो चालवणारा; बुरुलला तो एजे, म्हणजे ताई, म्हणायचा. चिनार चहाच्या समोवारपाशी. एरमेक बाहेर मेंढरू कापत होता.

बुरुलचा फोन वाजला. तिने वाचून पालथा ठेवला.

"घरमालकीण?" मेदेरने विचारलं.

"दुसरी गिऱ्हाईकं दारात उभी आहेत म्हणते."

"तिच्या दारात कायम कोणीतरी उभंच असतं. एजे, तू तो कागद करूच नकोस. आपलं ठरलंय ना?"

"काय ठरलंय?" आत्याने कान टवकारले.

मेदेर थोडा चपापला, पण आता माघार नव्हती. "नवी इमारत होतेय बाजारामागे. तीन खोल्या. माझं उत्पन्न कागदावर नाही, बँक मला दारात उभं करत नाही. एजेचा पगार कागदावर आहे. कर्ज तिच्या नावावर, हप्ता दोघांचा. एक खोली तिची. पोरांना शाळा जवळ पडते."

"म्हणजे बहिणीच्या नावावर घर आणि भाऊ आत!" आत्याने खांदे उडवले. "पण चूक नाही. शहर सोडू नये माणसाने. आणि शहर सोडून यायचं कुठे? मुलगी म्हणजे पाहुणी. एकदा उंबरा ओलांडून गेली, की परत आली तरी पाहुणीच. लग्न मोडलं तेव्हा आली नाहीस, आता कशाला येतेस? लोक काय म्हणतील?"

"लोक काल तीनशे जण आले होते. कुणी काही म्हणालं नाही. मांस शिजलंय छान, एवढंच म्हणाले," काका म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा."

"गप्प बसतो. फळ्यावर लिहून दाखवतो." काकांनी बशीतले कुरुत पुढे ओढले. दह्याचे ते खारट वाळलेले गोळे त्यांनी कापडावर एका ओळीत मांडले. "एक गोळा म्हणजे दहा हजार सोम. बुरुल, बिश्केकचा पगार?"

"सत्तर."

"सात गोळे. भाडं?"

"आता बेचाळीस होईल."

"चार गोळे मालकिणीचे." काकांनी चार गोळे उचलले आणि त्यातला एक तोंडात टाकला. बाकीचे तीन खिशात. "खाल्ले तिने. राहिले तीन, त्यातल्या एकाचा टवका उडालेला. आता नारिन?"

"एकतीस."

"तीन गोळे. क्वार्टर?"

"दोन हजार. कोळसा वेगळा."

काकांनी एका गोळ्याला दाताने किंचित खरवडलं आणि जागेवर ठेवला. बाबांनी तोंड वाकडं केलं. "घ्या. इकडे तीन, तिकडे तीन. चाळीस वर्षं पोरांना हेच सांगत आलो, की पगार विचारू नका, शिल्लक विचारा."

"चुकताय, काका," मेदेर पुढे सरकला. "बिश्केकचे तीन उद्या चार होतील. बढती आहे, दुसऱ्या कंपन्या आहेत. नारिनचे तीन म्हातारपणापर्यंत तीनच राहणार. वाळून आणखी बारीक होतील."

"आणि बिश्केकच्या सातांना उद्या फोन आला तर?" काका म्हणाले. "मग सातातून चार नाही, शून्यातून चार वजा करायचे. ते गणित मी शिकवत नव्हतो. ते पुढच्या इयत्तेत."

सगळे हसले. बुरुलही हसली. पण मेदेर जे बोलला ते खोटं नव्हतं, हे तिला कळत होतं. कंपनीत तिच्या हाताखाली दोन मुली होत्या, नवी यंत्रं होती. मोठ्या धरणाच्या आराखड्यात तळाला बारीक अक्षरात तिचं नाव होतं. नारिनला अकरा पट्ट्या, एक जुनी जीप, आणि तिच्याआधीच्या इंजिनिअरने टेबलावर सोडलेला चष्मा. जागा पाहायला ती गेल्या महिन्यात गुपचूप जाऊन आली होती. क्वार्टरची खिडकी नदीवर उघडत होती. तिथे उभी असताना, महिना संपायला किती दिवस राहिले हे आपण मोजत नाही आहोत, असं तिच्या लक्षात आलं. बारा वर्षांत पहिल्यांदा.

"चिनार, तू काही बोल," आत्या म्हणाली. "उद्या नणंद शेजारी येऊन बसली तर तुझ्या जिवाला घोर."

चिनारने भांड्यात चहा ओतला, थोडा सांडला. "मी काय बोलणार, आत्या? कढईखाली जाळ घालायचाय." आणि समोवारचं झाकण जरा जोरातच बसवून ती बाहेर गेली.

बुरुलने ते झाकण ऐकलं. धाकट्या मुलाला घर, ही रीत जगाआधीची. घर एरमेकचं, म्हणजे चिनारचं. आईच्या, म्हणजे तिच्या अपांच्या, हाताखाली नऊ वर्षं काढल्यावर आत्ता कुठे तिच्या हातात डाव आला होता. दर शनिवारी दारात थोरली नणंद उभी राहिलेली कुणाला आवडेल? येताना आपण तीन दिवसांची पाहुणी असतो म्हणून लाडाची असतो. तिने पांढऱ्या रुमालाची गाठ सैल केली.

"बाबा, तुम्ही सांगा," मेदेर म्हणाला.

बाबांनी भांड्यातला चहा संपवला. "तुमच्या आईला फ्रुंझेला बोलावलं होतं. तेव्हा बिश्केकला फ्रुंझे म्हणायचे. मोठ्या कचेरीत. घर मिळणार होतं, पण यादीत नंबर होता तीनशे बारावा. ती म्हणाली, यादी संपेपर्यंत इथली नदी आटेल. गेली नाही."

"मग बरंच केलं ना तिने?" आत्या म्हणाली.

"ठाऊक नाही. त्या यादीतल्यांना पुढे सहा वर्षांत घरं मिळाली. आज त्या घरांची किंमत काय आहे ते मेदेरला विचार. ती त्यावर पुन्हा बोलली नाही. मीही विचारलं नाही." बाबांनी भांडं पालथं ठेवलं. "विचारायला हवं होतं."

काकांनी खिशातला एक गोळा काढून गुपचूप बशीत परत ठेवला.

सहाच्या सुमाराला मांस शिजलं. एरमेकने तांब्या-घंगाळ घेऊन सगळ्यांच्या हातांवर पाणी घातलं, मग मोठं ताट आणलं. हाडं वाटायचं काम आजवर आई करायची. कुणाचं वय किती, कुणाचा मान काय, गेल्या खेपेला कोण काय मिळून रुसलं होतं, हे सगळं तिला तोंडपाठ असायचं. तिच्या जागी कढईपाशी चिनारने हाडं लावून दिली होती, आणि एरमेक ती देताना परीक्षेला बसल्यासारखा ओठ हलवत होता.

डोकं बाबांना. कटीचं हाड काकांना. शेपटाकडचं चरबीचं हाड आत्याला. तिने ते उलटून पालटून पाहिलं आणि समाधानाने खाली ठेवलं. मांडीचं हाड मेदेरला.

ताट रिकामं झालं. बुरुलच्या समोर काहीच आलं नव्हतं.

एरमेकने ताटात पाहिलं. मग कापडावर पाहिलं. मग परत ताटात. त्याचे कान लाल झाले.

"मोजून घातलं नाहीस का रे?" मेदेर दबक्या आवाजात म्हणाला.

"चिनारने मोजलं."

"वा!" आत्याने हातातलं हाड ठेवून दिलं. "आईला जाऊन वर्ष झालं आणि पोरीचा वाटा गेला. अरे, बिश्केकहून आलेली मुलगी! तिच्यापुढे हाड नाही? उमसुनाय असती तर—"

"असू दे, आत्या," बुरुल म्हणाली. आवाज नीट निघाला याचं तिला बरं वाटलं. "मला भूक नाही."

"भुकेचा प्रश्न नाही. मानाचा आहे. चिनार! ए चिनार!"

चिनार दारात आली. हात कोपरापर्यंत ओले, गालावर काजळी. तिने रिकामं ताट पाहिलं, सगळ्यांचे चेहरे पाहिले, आणि काय झालंय ते तिच्या ध्यानात यायला क्षण लागला.

"मी बरोबर मोजलंय," ती म्हणाली. "चार पाहुणे, चार हाडं."

"चार? आणि ही?"

"एजे पाहुण्यांत कुठे आहेत?" चिनारला खरोखरच प्रश्न पडला होता. "घरच्या बायकांना कुणी मोजून देतं का? त्या माझ्याबरोबर. कढईपाशी. अपांसारख्या."

"आणि मी पाहुणा?" मेदेर म्हणाला.

"तुम्ही आल्यापासून उठून एक बादली पाणी आणलंत का?"

काकांना ठसका लागला. बाबांनी मेंढराच्या कानाचा तुकडा कापून मेदेरच्या हातावर ठेवला. तो कान लहान मुलांना देतात, ऐकायला शिकावं म्हणून. मेदेरसकट सगळे हसले.

"आणि बाबा? ते घरचे नाहीत का?" आत्या अजून हटत नव्हती.

"बाबांना डोकं दिलं नाही तर तुम्ही मला जिवंत ठेवाल का, आत्या?"

बुरुल उठली. चपला घालायचं विसरून ती चिनारच्या मागे अंगणात गेली. कढईखालचा जाळ बसला होता. चिनारने झाकण सरकवलं आणि रश्शातून खांद्याच्या फऱ्याचं रुंद, पातळ हाड वर काढलं. त्याला मांस भरपूर होतं.

"हे एकट्याने खायचं नसतं," ती म्हणाली. "अपा आणि मी खायचो. इथेच, उभ्याने. त्या या बाजूने, मी त्या बाजूने. वर्षभर एरमेकबरोबर खाल्लं. पण तो खाताना एक शब्द बोलत नाही. घोड्याबरोबर जेवल्यासारखं वाटतं."

बुरुलने हाड हातात घेतलं. चटका बसला, तरी सोडलं नाही.

"तू दुपारी उठून गेलीस. मला वाटलं—"

"जाळ विझत होता, एजे. विझला असता तर आत्याने मला जन्मभर ऐकवलं असतं."

दोघी खात राहिल्या. परकी कुत्री येऊन हातभर अंतरावर बसली. हाड स्वच्छ झालं तसं चिनारने सुरीच्या टोकाने त्याला मधोमध भोक पाडलं, भोक न पाडता ते टाकायचं नसतं, आणि कुत्र्यांकडे भिरकावलं.

आत आल्यावर बुरुलने कापडाच्या कडेला बसून हात पुसले. "मी नारिनची जागा घेतेय," ती म्हणाली.

"आणि राहणार इथे?" आत्याने विचारलं.

"नाही. क्वार्टरमध्ये. इथे जेवायला येईन."

"हे आधी सांगितलं असतंस तर एवढं बोलणं झालंच नसतं!" आत्या म्हणाली. जणू तिचं कधी काही म्हणणंच नव्हतं. "नारिनमध्ये माझ्या ओळखीचा एक विधुर आहे. वनखात्यात. त्याचंही क्वार्टर आहे."

"दोन क्वार्टरं म्हणजे चार खोल्या," काका म्हणाले.

मेदेर हसला नाही. "आणि आपला फ्लॅट?"

"माझा करार वर्षाचा, कर्ज पंधरा वर्षांचं. पुढच्या हिवाळ्यात मला फोन आला तर हप्ता कोण भरणार? तुझी पोरं रस्त्यावर येतील, मेदेर." ती थांबली. "नवीन वर्षाला हो म्हटलं तेव्हाही मला हे कळत होतं. तुला नाही म्हणवलं नाही. ती चूक माझी."

मेदेर उठून बाहेर गेला. खिडकीतून तो टेम्पोच्या चाकाला लाथ मारताना दिसला, मग दुसऱ्या चाकाला. कुणी बोलावलं नाही. बाबांनी डोक्याचा गालाकडचा भाग कापून त्याच्यासाठी बाजूला ठेवला. बऱ्याच वेळाने तो आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बादल्या होत्या. त्या त्याने चिनारच्या पायाशी आदळल्या.

"घे. आता मीही घरचा." मग बुरुलकडे न बघता, "त्या क्वार्टरची चूल धूर करते का पाहिलंस?"

"नाही पाहिलं."

"पाहायचं कुणी मग? नारिनमधल्या सगळ्या करतात. सामान माझ्या टेम्पोतून आणू. धुराडं मी बघतो. आणि उन्हाळ्यात पोरं तुझ्याकडे. तिन्ही."

"दोन खोल्या आहेत, मेदेर."

"आम्ही पाच जण दोन खोल्यांतच राहतो, एजे," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, पण तो राग नसणंच बुरुलला लागलं. तिने मान हलवली. "तिन्ही," ती म्हणाली.

आठला दहा मिनिटं असताना चिनारने दाराशी ठेवलेले रबरी बूट चढवले. आईचे होते. एक माप मोठे, पुढे कागदाचे बोळे कोंबलेले. वर्षभर त्या बुटांकडे पाहायचं बुरुल टाळत आली होती. आज तिने पाहिलं, आणि तिला दिसलं की टाच नव्याने शिवली आहे.

दोघी उतारावरून नदीकडे गेल्या. ऊन अजून पलीकडच्या कड्यावर होतं. मे महिन्याचं पाणी मातकट, फुगलेलं, काठाला सारखं धडकत होतं. चिनार पट्टीजवळ पाण्यात उतरली, वाकली, थोडा वेळ थांबली.

"एकशे अठ्ठेचाळीस."

"एकशे पन्नास दिसतंय मला," बुरुल काठावरून म्हणाली.

"लाट चढली की पन्नास. उतरली की शेहेचाळीस. मधलं घ्यायचं. अपांनी सांगितलंय."

बुरुलने विजार दुमडली आणि ती अनवाणीच पाण्यात उतरली. पाणी इतकं गार होतं की घोट्यांची हाडं दुखली. बर्फाचंच पाणी ते. एक लाट तिने चढताना पाहिली, उतरताना पाहिली. मग दुसरी. मग तिसरी.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "एकशे अठ्ठेचाळीस."

"वर्षभर बरोबरच आहे," चिनार म्हणाली आणि तिने नारिनच्या कचेरीचा नंबर फिरवला. पलीकडून कुणी उचलायच्या आत ती बुरुलच्या पायांकडे बघून हसली. "तुम्ही आता आमच्या नव्या साहेब. पुढच्या वेळी बूट घालून या."